सुईवर राहिलेली टोपी

मी, खाली सही करणारी, बोटीच्या धक्क्यावरच्या तिकीट खिडकीतून निवृत्त झालेली, अविवाहित, वय वर्षे बहात्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी जागेवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत उलटे यायला सांगितले. मी तेवढ्यात त्यांच्या पाण्याच्या पेल्याखाली ठेवायला एक चकती विणली, आणि वजाबाकी व चकती एकदमच संपली. डॉक्टर म्हणाले, "बाई, आता माझीच बुद्धी कुणाकडून तरी तपासून घेतो." गुडघे सोडले तर मला काही झालेले नाही, त्यामुळे या कागदाची तशी घाई नाही. पण कामे अर्धवट ठेवून जाऊ नये असे आताशा फार वाटू लागले आहे.

या कागदात कोणाचेही नाव घातलेले नाही. वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. "बाई, नावांशिवाय मृत्युपत्र कसं चालेल?" मी म्हटले, "तुम्ही वकील आहात, तुम्ही चालवा." शेवटी त्यांनी नावांचा कागद वेगळा करून पाकिटात घातला आणि इथे नात्याने व धंद्याने ओळख पटली की पुरे, असे मान्य केले. मी नावे का टाळते ते कलम आठमध्ये येईल.

आणखी एक सूचना आत्ताच लिहून ठेवते, कारण कागद शेवटपर्यंत वाचायचा धीर आमच्या घरात कोणाला नाही. माझ्या पलंगाशेजारी तिपाईवर बिस्किटांचा लाल डबा आहे. त्यात एक टोपी सुईवर तशीच ठेवलेली आहे. डबा कोणीही उघडू नये. विशेषतः माझ्या वहिनीने उघडू नये.

कलम १. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. फार पूर्वी एकदा रागाच्या भरात बोटीच्या कोऱ्या तिकिटामागे "मोठ्या काकूंना माझ्याकडून काडीही मिळू नये" असे लिहिले होते. ते मृत्युपत्र धरू नये. त्यातला मजकूर मात्र कायम आहे.

कलम २. घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावरच्या माझ्या मालकीच्या दोन खोल्या मी माझ्या भाचीला देते. ती माझ्या दादाची उशिरा झालेली एकुलती मुलगी. एका जागी बसत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. या खोल्यांत जमिनीतून टिकटिक वर येते. पहिले काही दिवस झोप लागत नाही, पुढे टिकटिकीशिवाय लागत नाही. पुढच्या खिडकीतून धक्का दिसतो. तिथली खुर्ची हलवू नये, तिचा एक पाय फरशीच्या खळग्यात बसवलेला आहे, दुसरीकडे ती डुगडुगते.

भाचीला खोल्या का, हे दादाला विचारायचे असेल तर उत्तर असे. ती जन्मायच्या आधी मी तिच्यासाठी एक टोपी विणली होती. मी नेहमी तिकीट खिडकीत बसून, एक बोट गेली की दुसरी येईपर्यंत विणत असे. तेवढ्या वेळात संपेल तेवढेच विणायचे, अशी माझी रीत होती. घरात माझ्या भेटींना "फेरीतलं काम" म्हणत. वाढदिवस आला की, "आत्याची फेरी आली," असे हसत. तर ती टोपी माझ्या हातून लिंबाएवढी झाली. वहिनी म्हणाली, "वन्सं, ही काय बाहुलीची?" मी म्हटले, हाताला आले तसे विणले. मग भिंगरी फारच लवकर जन्माला आली. तिचे डोके एवढेसे होते की दवाखान्यातली एकही टोपी तिच्या डोक्यावर थांबेना. तिथल्या नर्सबाईने माझी टोपी घातली आणि म्हणाली, "मापात बसली. कुणी आधी माप देऊन ठेवलं होतं का?" त्या दिवसापासून नर्सबाई माझी मैत्रीण आहे. त्या प्रश्नाचे उत्तर मी तिला अगदी अलीकडे दिले.

कलम ३. बँकेत जे काही निघेल त्यातून माझ्या मागचा खर्च साधेपणाने करावा. उरलेल्यातले निम्मे दवाखान्यातल्या लवकर जन्मलेल्या बाळांच्या त्या खोलीसाठी द्यावे आणि निम्मे भाचीला. कोणी भाषण करू नये.

कलम ४. पलंगाखालच्या ट्रंकेत तयार भेटी आहेत. पेल्याखालच्या चकत्या, बाटल्यांची आवरणे, चष्म्याच्या पिशव्या, पुस्तकात घालायच्या फिती, किल्लीला अडकवायचे मासे, कुंडीचे झगे. कोणाच्या घरी हात हलवत जाऊ नये म्हणून मी त्या करून ठेवत असे. या वस्तू निर्धास्तपणे वाटाव्यात. ज्यात माणसाचे अंग जात नाही अशी विणलेली वस्तू कोणाचे काही करत नाही. हे वाक्य वकीलसाहेबांना खोडायचे होते, मी खोडू दिलेले नाही.

मोठ्या काकू म्हणजे आमच्या चुलत्यांच्या पत्नी. त्यांना मी मोरपंखी रंगाच्या सहा चकत्या दिल्या होत्या. त्यांनी त्या नाक मुरडत घेतल्या, "हाताने केलेलं म्हणजे फुकटच की," असे चारचौघांत म्हणाल्या आणि पुढच्या वर्षी त्याच चकत्या दुकानातल्या खोक्यात घालून माझ्या वाढदिवसाला मला दिल्या. मी त्या वापरलेल्या नाहीत. काकू अजून ठणठणीत आहेत. तेच खोके, तसेच, त्यांना परत द्यावे. घेतील आणि पुन्हा कोणाला तरी देतील.

कलम ५. दादाला माझा रेडिओ आणि भिंतीवरचा आरसा देते. दादाने जन्मभर पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम केले. तरुणपणी थंडीत त्याची बोटे आखडत म्हणून मी त्याला हातमोजे विणले. उजव्या मोज्याचे अनामिकेचे बोट मधल्या पेराशीच संपले. दादा म्हणाला, "अगं, आत्तापासूनच चष्मा लागला का तुला?" आम्ही पोटभर हसलो. त्याच थंडीत कागद कापायच्या यंत्राखाली त्याचे तेच बोट गेले, मधल्या पेरापर्यंत. जखम भरल्यावर त्याने ते मोजे कपाटातून काढले आणि माझ्यासमोर बसून हळूहळू उजवा हात आत घातला. "मापात बसला," एवढेच म्हणाला. पुढे तो मोजा त्याने झिजेपर्यंत वापरला, पण माझ्या हातचे दुसरे काही घ्यायचे झाले की त्याला तेवढ्यात बाहेर काहीतरी काम निघे. दादा, मी रागावले नाही.

कलम ६. हत्यारे. माझ्या सगळ्या ॲल्युमिनियमच्या सुया, कात्री आणि टेप ज्याला हवी त्याने घ्यावी. टेप कोरी करकरीत आहे, मी कधी वापरलेली नाही. आईची पोलादी क्रोशाची सुई, जिचा मधला भाग अंगठ्याने घासून चपटा झाला आहे, ती कोणालाही देत नाही. त्या सुईचे खालच्या घड्याळवाल्यांनी त्यांच्या कानशीने कापून तुकडे करावेत. तसे त्यांनी कबूल केले आहे. त्यांना आणि नर्सबाईला मला काहीतरी ठेवायचे होते, पण हे दोघे साक्षीदार असल्यामुळे त्यांना काही देता येत नाही असा कायदा निघाला. नर्सबाई म्हणाली, "म्हणजे सहीला मी, आणि वाटणीला मात्र मोठ्या काकू?" घड्याळवाले म्हणाले, "ताई, आम्हाला चहा पाजा, त्याला कायदा नडत नसेल." चहा पाजण्यात येईल.

कलम ७. माझ्या वहिनीला सगळी कोरी लोकर आणि सगळी अर्धवट कामे देते, म्हणजे टेबलावरचा रुमाल, खिडकीचा निम्मा पडदा, तीन उशांचे अभ्रे. वहिनीची ख्याती अशी की तिला अर्धवट वस्तू बघवत नाही. कोणाचा उलटा राहिलेला कप दिसला तर ती सुलटा करते, कोणाचे शब्दकोडे अडले तर उरलेली घरे भरून टाकते. क्रोशाचे काम अर्धे दिसले की तिचे हात शिवशिवतात. तिने जन्मात कोणाचे वाईट चिंतलेले नाही. माझे जेवण झाले की नाही हे रोज विचारणारे जगात एकच माणूस आहे आणि ते वहिनी आहे. तिने रुमाल, पडदा आणि अभ्रे जरूर पुरे करावेत. तिच्या हातचे टाके माझ्यापेक्षा सरळ येतात, हे मी हयातीत कधी कबूल केले नाही, ते इथे करते.

कलम ८. हे कलम वहिनीसमोर वाचू नये. सातवे कलम संपले की वकीलसाहेबांना खोकला यावा आणि त्यांनी थेट सह्यांवर जावे. भाचीला हे पान तिचे वय माझ्या आजच्या वयाएवढे होईल तेव्हा द्यावे. तोवर वकीलसाहेब नसतील, त्यांच्या कचेरीने द्यावे. ते वय तिने गाठावे म्हणूनच हा सगळा खटाटोप आहे.

क्रोशा मला आईने शिकवला. साखळी, खांब, दुहेरी खांब हे कोणीही शिकवते. त्यात एक मुका खांब असतो. सुईला आधी दोऱ्याचा वेढा न घेता घातलेला, बुटका, घट्ट टाका. आमच्या घरात प्रत्येक वस्तू मुक्या खांबानेच संपवायची आणि तो ओढताना ज्याच्यासाठी वस्तू केली त्याचे नाव घ्यायचे. आई म्हणायची, "खांब मुका आहे गं बिचारा, त्याला बोलता येत नाही. वस्तू कुणाची ते आपणच सांगायचं." टेपने माप घ्यायचे नाही, हाताला येईल तसे विणायचे. मी विचारले, मग नाव घेईपर्यंत वस्तू कोणाची असते? आई म्हणाली, "तोवर ती त्या माणसाच्या वाटेवर असते. पोचलेली नसते." मला तेव्हा ते गमतीचे वाटले होते. आता मी कोणाचेही नाव सहज घेत नाही, कागदावरही नाही.

मी लहान असताना दादाला ताप आला होता आणि तो उतरत नव्हता. आई त्याच्या उशाशी बसून त्याच्यासाठी स्वेटर विणत होती. मी लोकरीचा गुंडा धरून बसले होते. दोन्ही बाह्या झाल्या तेव्हा पाहिले तर बाह्यांना तोंडच नव्हते. मनगटाशी त्या पिशवीसारख्या बंद झाल्या होत्या. मी म्हटले, "आई, दादाचे हात बाहेर कसे येणार?" आईने स्वेटर उलटापालटा करून पाहिला. मग दादाकडे पाहिले, मग माझ्याकडे. तिने दिवा जवळ ओढला, शेवटचा मुका खांब घातला आणि ओढताना नाव घेतले ते तिचे स्वतःचे. सकाळी दादाने उठून खायला मागितले. आई भिंतीला टेकून बसली होती, थंडगार. तो स्वेटर तिच्या अंगात होता, लहान मुलाचा स्वेटर, मोठ्या बाईच्या अंगात व्यवस्थित बसलेला, हात आत. तो कसा बसला हे आमच्याकडे आलेल्या कोणत्याही मोठ्या माणसाने विचारले नाही. दादाला यातले काही आठवत नाही. मी त्याला सांगितलेले नाही.

एवढे पाहूनही मी विणत राहिले, कारण बहुतेक वेळा काही होत नसे. टोपी डोक्याला बसे, मोजा पायाला बसे, माणूस खूश होई. दादाच्या बोटानंतर मी काही दिवस घाबरले, भिंगरीच्या टोपीनंतर पुन्हा धीर आला. हात जे होणार ते आधी ओळखतात की हातांमुळे ते होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

मग बोटवाले. ते आमच्या धक्क्यावरची बोट चालवत. माझ्या खिडकीसमोरून जाताना भोंगा मुद्दाम हळू वाजवत, कारण मला डोकेदुखी होती. आमच्यात यापेक्षा जास्त काही बोलणे झाले नव्हते, पण दोघांनाही ते पुरत होते. मी त्यांच्यासाठी मफलर विणायला घेतला. तो निम्मा झाल्यावर हाताला ओलसर लागू लागला. उन्हात वाळत घातला तरी तसाच. नाकाशी धरला तर पाण्याच्या तळाचा वास. मी सुई काढली नाही, नाव घेतले नाही, मफलर दादाकडच्या माझ्या खणात तळाशी दडवून टाकला. तेव्हा मी दादा-वहिनीजवळच राहत होते.

वहिनीला तो सापडला. तिला बोटवाल्यांबद्दल संशय होताच, आणि मी लाजते म्हणून काम रेंगाळले आहे असे तिने ठरवले. एका दुपारीत तिने तो संपवला आणि स्वतः धक्क्यावर नेऊन दिला. संध्याकाळी मला म्हणाली, "वन्सं, तुमच्याच्याने होईना म्हणून मी शेवटचे टाके घातले. नाव पण घेतलं हो त्यांचं, अगदी तुमच्यासारखं. आता तरी बोला." तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. मी पळत धक्क्यावर गेले. बोटवाले सुकाणूपाशी उभे होते, गळ्यात मफलर. त्यांनी लांबूनच त्याला हात लावून दाखवला आणि म्हणाले, "मापात बसला बघा." बोट सुटली होती.

बोट परत आली ती त्यांच्या मदतनिसाने आणली. वारा नव्हता, लाट नव्हती, कोणी पडताना पाहिले नव्हते. मफलर कठड्याला अडकलेला होता. तो कोरडा ठणठणीत होता. माझ्यापेक्षा वहिनीच जास्त रडली, कारण माझे लग्न तिने मनात लावून टाकले होते. मी तिला कधीही काही सांगितलेले नाही. काय सांगणार? तिने प्रेमाने केले. मला ते माहीत आहे, आणि तरीही इतक्या वर्षांत मी तिला मनातून माफ केलेले नाही. मी वेगळी राहायला आले ती त्यानंतर. अंगात घालायच्या वस्तूंच्या बाबतीत तेव्हापासून कानाला खडा लावला. चकत्या आणि किल्लीचे मासे त्यानंतरचे आहेत.

आता डबा. भिंगरी दूरच्या डोंगराळ गावात कानांनी ऐकू न येणाऱ्या मुलांना हातांच्या खुणांनी शिकवते. तिथे वारा फार. गेल्या थंडीत तिचा फोन आला, "आत्या, माझी लिंबाएवढी टोपी अजून कपाटात आहे. आता माझ्या डोक्याची एक पाठव ना. दोन बोटींच्या मधली." मी नाही म्हटले. ती हटून बसली. मला वाटले, हात म्हातारे झाले, विसरले असतील.

टोपी माथ्यापासून विणत खाली यायची असते. कानापाशी थांबायचे. माझे हात थांबेनात. मी ठरवी, ही शेवटची फेरी, आणि आणखी एक फेरी घातलेली असे. टोपी कपाळावरून उतरली, डोळ्यांवरून उतरली. उलट्या पातेल्यावर चढवून पाहिली तेव्हा पुढच्या बाजूला मधोमध एक लहानसा उंचवटा दिसला. मी तिथे टाके वाढवलेले नव्हते. तो नाकाच्या जागी होता. भिंगरीचे नाक किंचित डावीकडे झुकलेले आहे, आणि तो उंचवटाही तसाच होता. डोळ्यांच्या जागी टाके सगळ्यांत घट्ट होते. हनुवटी यायला थोडेच उरले होते.

मी एक फेरी उसवली. थोड्या वेळाने तिचाच फोन आला. "आत्या, आज काहीतरी विचित्र झालं. वर्गात हात एकदम बधिर. मुलं माझ्याकडे बघत बसली आणि मला एक शब्द सांगता येईना. ती घाबरली गं." मी फोन कानाशी धरूनच उसवलेली फेरी परत घातली. "आता?" मी विचारले. ती म्हणाली, "आता येतायत. बोटांच्या टोकांना फक्त मुंग्या आहेत." त्या मुंग्या अजून गेलेल्या नाहीत. म्हणजे उसवायची सोय नाही, जाळायचा तर विचारही नको. वाटेवर आहे तोवर ठीक आहे. म्हणून टोपी सुईसकट डब्यात ठेवली, आणि माझ्यामागे ती कोणी पुरी करू नये म्हणून हा कागद लिहायला घेतला. सातव्या कलमापर्यंत मला वाटत होते की कागदाने काम भागेल.

काल मी वकीलसाहेबांकडे गेले असताना वहिनी डबा घेऊन आली, म्हणजे जेवणाचा. माझी एक किल्ली तिच्याकडे असते. मी परतले तेव्हा ती पुढच्या खिडकीत माझ्या खुर्चीवर बसली होती आणि मांडीवर टोपी होती. सुई तिच्या हातात होती.

"वन्सं, भिंगरीची ना ही? किती दिवस अशीच पडलीय. मी दोन फेऱ्या घातल्यात, आता शेवटचाच टाका उरलाय. म्हटलं तुमच्यासमोरच नाव घेऊ, मागच्या वेळेसारखं तुमच्या मागे नको."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. तिच्या हातून टोपी काढून घेतली एवढे आठवते. तिने वाईट वाटून घेतले नाही. ती म्हणाली, "राहू दे, तुम्हाला स्वतःच्या हातानेच संपवायची असेल. पण संपवा हो. नाहीतर तुमच्यामागे मी संपवीन, पोरीला तुमची शेवटची आठवण म्हणून देईन. तुम्ही काळजी करू नका." आणि मला जेवायला वाढले.

ती तसे करीलच. कोर्टाचा हुकूम असला तरी करील, कुलूप लावले तरी करील, आणि रडत रडत, माझ्यावरच्या मायेने करील. भिंगरीही ती टोपी मायेनेच डोक्यावर ओढेल. अशा बाईला कागदाने अडवता येत नाही. खरी गोष्ट सांगून अडवता येईल, पण मग बोटवाल्यांचीही सांगावी लागेल, आणि तिच्या उरलेल्या दिवसांवर तेवढे ओझे टाकण्याइतका माझा राग मोठा नाही. हे लिहिताना माझे मलाच कळते आहे की तिला मी माफ केले असावे.

तेव्हा सुरुवातीला लिहिलेली लाल डब्याची सूचना या कलमाने रद्द करण्यात येत आहे. मी आजवर शेकडो माणसांसाठी विणले, स्वतःसाठी एकदाही नाही. खांब मुका आहे, कोणाचे नाव घ्यायचे ते सुई धरणाऱ्याच्या हातात असते. आईने ते मला गुंडा धरायला बसवून शिकवले होते. मला भीती वाटते, हे नोंदवून ठेवते. काल रात्रभर खालची टिकटिक ऐकत होते आणि प्रत्येक ठोक्याला वाटत होते की राहू द्यावे, अजून थोडे दिवस डबा सांभाळत बसावे. पण मी एकदा जिना उतरून दूध आणायला गेले तरी तेवढ्यात काम संपलेले असेल. आणि तिकडे एक वर्गभर मुले भिंगरीच्या हातांकडे बघून जग समजून घेत आहेत.

भिंगरी, तू हे वाचशील तेव्हा माझ्याएवढी म्हातारी असशील. रडू नकोस. दादाला जसे कळले नाही तसेच तुलाही कळू न देता जायचे होते, पण तुझी ती आवडती लिंबाएवढी टोपी कोणत्या घरातून आली हे कोणाला तरी ठाऊक असावे असे वाटले. क्रोशा शिकू नकोस. चकत्या दुकानात मिळतात.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, तो माझ्या मनासारखा आहे. कोणाची जबरदस्ती नाही. सही झाल्यावर साक्षीदारांनी काही काळ बसावे, चहा घ्यावा आणि मी काय करते ते नुसते पाहावे. मध्ये पडू नये. नर्सबाईने तसे वचन दिले आहे, ते तिने मोडू नये.

ठिकाण: घड्याळ दुकानावरची पुढची खोली, खिडकीतली खुर्ची.
वार व वेळ: शनिवार, दुपारची बोट सुटल्यावर आणि पुढची यायच्या आधी.

(लिहून देणारीची सही)

साक्षीदार पहिली: निवृत्त परिचारिका, लिहून देणारीची मैत्रीण. (सही)
साक्षीदार दुसरे: घड्याळ दुरुस्त करणारे, राहणार खालचा मजला. (सही)

पहिल्या साक्षीदाराने त्याच दिवशी खाली लिहिलेली नोंद, वकीलसाहेबांच्या सांगण्यावरून:

बाईंनी आम्हा दोघांदेखत सही केली. मग आम्हाला चहा दिला, स्वतः घेतला. डब्यातून टोपी काढली. एकच टाका घातला आणि तो ओढताना स्वतःचे नाव घेतले, पूर्ण, स्पष्ट आवाजात. इतक्या वर्षांच्या मैत्रीत ते मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकले. दोरा दातांनी तोडला, टोपी घडी करून मांडीवर ठेवली, सुई घड्याळवाल्यांच्या हातात दिली आणि खिडकीबाहेर पाहत बसली. बोट धक्क्याला लागली. भोंगा फार हळू वाजला. मी वळून पाहिले तेव्हा सगळे झाले होते. मी मध्ये पडले नाही. नाडी तपासली, ती नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. भाचीचा होता. ती म्हणाली, मुंग्या गेल्या, आत्ताच, एकदम, आत्याला द्या ना फोन. मी म्हटले, आत्याचे हात गुंतलेत, मग करते.

नंतर मी टोपी उलगडली आणि बाईंच्या डोक्यावरून हलकेच खाली ओढली. नाकाचा उंचवटा आता कोणत्याही बाजूला झुकलेला नव्हता. हनुवटीपर्यंत आली. मापात बसली.